विषय: वीजही सहकारी संस्थेकडून घ्यावी का?

जपानमधील आपल्या मराठी गटाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझ्या घराच्या विजेचा करार येत्या महिन्यात संपत आहे. 2016 च्या एप्रिलपासून जपानमध्ये घरगुती ग्राहकालाही वीजपुरवठादार निवडता येतो, हे आपण जाणताच. शेजारच्या आजींनी मला सेइकात्सु क्लब या ग्राहक सहकारी संस्थेचे नाव सुचवले आहे. माझी शंका अशी, की तारेतून येणारी वीज सर्वांच्या घरी सारखीच असते. मग दूध-तांदूळ पुरवणाऱ्या संस्थेकडून ती घेतल्याने हवामानाच्या दृष्टीने नेमका कोणता फरक पडतो? आपल्यापैकी काही कुटुंबे या संस्थेची जुनी सभासद आहेत, म्हणून येथे विचारत आहे.

आपला,
एक सभासद, निशि-कासाई

---

सप्रेम नमस्कार.

आपली शंका योग्य आहे. उत्तरेकडील अकिता प्रांतात या संस्थेची पवनचक्की आहे, पण तिची वीज वेगळी काढून कोणी आपल्या दिव्यापर्यंत आणून देत नाही. फरक पडतो तो आपले पैसे कोठे जातात आणि त्यांच्या भरवशावर कोण काय उभारू शकतो, यात.

आपल्याकडे सहकार म्हटले की साखर कारखाना किंवा दूध संघ डोळ्यांसमोर येतो. ते उत्पादकांचे सहकार आहेत. आपले कित्येक साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज तयार करून ग्रीडला विकतात, परंतु ऊस घालणारा सभासद त्या विजेचा ग्राहक म्हणून कोठेच नसतो. सेइकात्सु क्लबची वाट ग्राहकाकडून सुरू होते. माझे बालपण परळला गेले असल्यामुळे, नायगावात 1948 साली सुरू झालेल्या अपना बाजार या ग्राहक भांडाराची आठवण मला या संस्थेत पहिल्या दिवसापासून होत आली आहे.

1965 साली टोकियोच्या सेतागाया भागात सुमारे 200 स्त्रियांनी एकत्र येऊन दुधाच्या 300 बाटल्यांची घाऊक मागणी नोंदवली, तेथून हे काम सुरू झाले. आज देशभरात सुमारे 4 लाख सभासद आहेत. शेजारच्या काही कुटुंबांचा गट, ज्याला ‘हान’ म्हणतात, आगाऊ मागणी नोंदवतो. उत्पादकाला आपला माल किती खपणार हे आधीच कळते, आणि सभासदांना तो माल कोणी, कसा पिकवला हे ठाऊक असते. माझ्या मते विजेच्या कामाचे खरे मूळ या सवयीत आहे. कित्येक वर्षे तांदळाबद्दल ‘हा कोठून आला?’ असे विचारणाऱ्या बायकांनी तोच प्रश्न विजेबद्दल विचारला, एवढेच.

2011 च्या मार्चमध्ये टोकियोला वीज पुरवणाऱ्या फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात दुर्घटना घडली आणि आमच्या भागात पाळीपाळीने वीज बंद होऊ लागली, तेव्हा त्या प्रश्नाला धार आली. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, टोकियो, कानागावा, साइतामा आणि चिबा येथील सेइकात्सु क्लबच्या चार संस्थांची ‘युमेकाझे’, म्हणजे स्वप्नवारा, ही पवनचक्की अकिता प्रांतातील निकाहो येथे फिरू लागली. तिची क्षमता सुमारे 2 मेगावॅट आहे. एका चक्कीने महानगराची गरज भागत नाही, हे मान्यच आहे. परंतु वारा त्यांचा आणि वीज आमची, असा एकतर्फी व्यवहार होऊ नये म्हणून तेथील शेतकरी व उत्पादकांशी संबंध जोडले गेले आणि त्यांचा माल आमच्या मागणीपत्रकात आला. दूरच्या गावातून केवळ वीज ओढून घेणे हे फुकुशिमाचेच दुखणे होते. ते पवनचक्कीच्या नावाने पुन्हा घडू नये, याची काळजी मला मेगावॅटच्या आकड्याहून मोलाची वाटते.

यामागाता प्रांतातील युझा येथून तर आमच्याकडे 1970 च्या दशकापासून तांदूळ येतो. तेथे 2019 मध्ये उत्पादक आणि सेइकात्सु क्लब यांनी मिळून सुमारे 18 मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू केला, आणि त्याच्या उत्पन्नाचा काही भाग शेजारच्या साकाता शहराशी मिळून उभारलेल्या निधीत स्थानिक कामांसाठी जातो.

जुलै 2012 मध्ये सुरू झालेल्या योजनेत सरकारने अशा पवनविजेला 20 वर्षे ठराविक दराची हमी दिली. ती मुदत संपल्यावर अशा प्रकल्पांना तारणारी गोष्ट म्हणजे त्यांची वीज नेमाने घेणारा ग्राहक, आणि तो देणे हेच ग्राहक संस्थेला सर्वांत चांगले जमते.

वीज आधी कमी वापरावी, मग निर्माण करावी आणि तीच वापरावी, असा संस्थेचा क्रम आहे. पुरवठादार बदलून वातानुकूलन यंत्र पूर्वीसारखेच चालू ठेवले, तर अर्धेच काम झाले.

आपली,
एक सभासद, योकोहामा

---

ताई, सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. घरमालकाची परवानगी आणि तारांची जोडणी यांचे काय करावे लागेल?

---

घरातील तारा बदलाव्या लागत नाहीत आणि वीज खंडित होण्याचा धोकाही वाढत नाही, कारण वाहिन्या पूर्वीच्याच राहतात. करार आपल्या स्वतःच्या नावावर असेल, तर सहसा घरमालकाच्या परवानगीची गरज पडत नाही. अडचण एकाच ठिकाणी येते: काही मोठ्या इमारती संपूर्ण इमारतीसाठी एकत्रित वीज घेतात, आणि तेथे एका कुटुंबाला वेगळा पुरवठादार निवडता येत नाही. ते आधी व्यवस्थापन कार्यालयात विचारून घ्यावे. वीज केवळ सभासदांनाच मिळते, त्यामुळे प्रथम सभासदत्व घ्यावे लागेल. आपल्या सध्याच्या बिलावर 22 अंकी पुरवठा-स्थळ क्रमांक असतो, तो जवळ ठेवावा. जपानी अर्ज भरताना मी सोबत बसेन.