न्यू जर्सी: चूक समोरच्याची, मग आईच्या हाताचं बिल माझ्या इन्शुरन्सने का भरायचं?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी ओक ट्री रोडवरून भाजी घेऊन येताना समोरून डावीकडे वळणाऱ्या गाडीने ठोकलं. माझा सिग्नल हिरवा होता, पोलिस रिपोर्टमध्येही तसंच आहे. शेजारी आई होती, सांगलीहून व्हिजिटर व्हिसावर आलीय. तिचं उजवं मनगट मोडलं. माझी मान आखडलीय, डाव्या हाताला मुंग्या येतात.

आता माझीच विमा कंपनी म्हणते, पीआयपीचा (गाडीच्या विम्यातलं उपचारखर्चाचं कव्हर) फॉर्म भरून पाठवा. ऑफिसातला मित्र म्हणतो, अजिबात भरू नकोस, प्रीमियम वाढेल, त्याच्याकडून वसूल कर. त्याची कंपनी म्हणते, दवाखान्याची बिलं आम्ही भरत नाही. ईआरमध्ये (दवाखान्याच्या इमर्जन्सीत) आईचं व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड दिलंय. आणि माझ्या पॉलिसीवर 'लिमिटेशन ऑन लॉसूट' छापलंय. म्हणजे आम्हाला दावाच करता येणार नाही का? आई तर म्हणते, परक्या मुलखात कोर्टकचेरी नकोच. पुढच्या महिन्यात तिचं परतीचं तिकीट आहे.

कोथरूडहून
तिकडचं माहीत नाही, पण सही करण्याआधी एक विचारून घ्या. इकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची ते न बघता मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पण ते पैसे स्वीकारले की कलम 166 चा मोठा दावा संपतो. तुमच्या त्या फॉर्मात असलं काही नाही ना?

बिलिंगवाली
मी पार्सिपनीत हाडांच्या डॉक्टरांकडे बिलिंग बघते, रोजचं दळण आहे हे माझं. एडिसनकर, मित्राला चहा पाजा आणि त्याचा सल्ला कपाखालीच ठेवून या.

न्यू जर्सीत 1973 पासून नो-फॉल्ट आहे. धडक कुणीही दिलेली असो, दवाखान्याची बिलं आधी आपल्याच पीआयपीतून जातात. समोरची कंपनी आडमुठेपणा करत नाहीये, कायदाच तसा आहे. आई पाहुणी असली तरी तुमच्या गाडीत बसली होती, म्हणून तिलाही तुमचंच पीआयपी. किती आहे ते डिक्लरेशन पेजवर, म्हणजे पॉलिसीच्या गोषवाऱ्याच्या पानावर बघा. कुणी 15,000 डॉलरचं घेतलेलं असतं, कुणाचं अडीच लाखांचं. आणि चूक तुमची नसेल तर प्रीमियम वाढवणारे सरचार्जचे पॉइंट्स तुमच्या नावावर चढत नाहीत.

उद्या सकाळी उठून पहिलं काम: ईआरच्या बिलिंगला फोन करा, अपघाताची तारीख आणि पीआयपीचा क्लेम नंबर द्या. व्हिजिटर कार्डावर गेलेल्या बिलाचं काय होतं ते मी बघते ना! ती कंपनी पत्र पाठवते, 'ऑटो अपघात दिसतो, प्रायमरी (आधी बिल भरणारी) कंपनी कोण?' पत्र टपालात, बिल तसंच पडून, आणि काही महिन्यांनी कलेक्शनवाल्याचा फोन. शिवाय उपचार सुरू झाल्यापासून 21 दिवसांत डॉक्टरांनी तुमच्या कंपनीला कळवायचं असतं. पेशंटकडे नंबर नसला की आमची वरात निघते.

अपघातानंतरच्या पहिल्या 10 दिवसांत आधी परवानगी लागत नाही, नंतर एमआरआय काय नि थेरपी काय, प्री-सर्ट, म्हणजे कंपनीची आधी मंजुरी. तुमच्या खिशातून डिडक्टिबल (सुरुवातीची ठरलेली रक्कम) जाईल, आणि त्यापुढे 5,000 डॉलरपर्यंतच्या बिलाचे 20 टक्के. दर फी शेड्यूलने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने ठरतात, वरचा फरक डॉक्टरांना तुमच्याकडे मागता येत नाही. मागितलाच तर अ‍ॅडजस्टरला, म्हणजे कंपनीत तुमचा क्लेम बघणाऱ्याला, बिल दाखवा.

आता दावा. कोथरूडकरांची शंका रास्त आहे, पण इथे पीआयपी घेतल्याने दावा बुडत नाही. पीआयपी मुख्यतः औषधपाण्याचं. सोसलेल्या दुखण्याचे पैसे समोरच्याकडूनच मागायचे, आणि तिथे ते 'लिमिटेशन' आडवं येतं. ते घेतलेल्या माणसाची दुखापत ठरावीक प्रकारांतली असावी लागते: मृत्यू, अवयव जाणं, मोठा व्रण किंवा विद्रूपता, गर्भ जाणं, मोडून जागेवरून सरकलेलं हाड, किंवा कायमची दुखापत. नुसती आखडलेली मान यात बसत नाही. मुंग्यांचं मात्र अंगावर काढू नका. एमआरआय, ईएमजीत (नसा-स्नायूंची तपासणी) काही दिसलं तरच 'कायमची दुखापत' म्हणून उभं राहता येतं. समोरच्याने कोर्टात उत्तर दिल्यापासून 60 दिवसांत डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं. बुडालेल्या पगाराला आणि गाडीच्या नुकसानीला ही अट नाही.

आईची गोष्ट वेगळी, आणि हे एजंट कधी सांगत नाहीत. ही अट पॉलिसीधारकाला, नवरा-बायकोला आणि घरात राहणाऱ्या मुलांना. आईवडील त्यात नाहीत. आईची इथे स्वतःची पॉलिसी नाही, म्हणजे तिचं हाड सरकलेलं असो की नुसती चीर असो, तिला भरपाई मागता येते. मुदत दोन वर्षं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते आईंचं खरं, पण बरीच प्रकरणं पायरीआधीच तडजोडीत मिटतात.

एडिसनकर
मावशी, हे कुणीच सांगितलं नव्हतं. समोरच्या कंपनीची बाई आज फोनवर गोड बोलत होती, आईला थोडे पैसे लगेच देतो, एक कागद सही करून पाठवा म्हणाली.

बिलिंगवाली
तो रिलीज असणार. सही केली की आईचं प्रकरण तिथेच संपलं. हात अजून प्लास्टरमध्ये, बोटं नीट मिटतात की नाही ते कळायचंय, आणि हिला घाई! वकिलाला दाखवल्याशिवाय काही पाठवू नका, पहिली भेट बरेच जण फुकट देतात. त्याला हेही विचारा की समोरच्याच्या पॉलिसीची भरपाईची मर्यादा किती. साध्या पॉलिसीत किमान मर्यादा 2023 मध्ये माणशी 25,000 झाली, 2026 पासून 35,000. पण 'बेसिक' पॉलिसीवाला असला तर दुसऱ्याच्या दुखापतीसाठी तिच्यात मुळात एक छदामही नसतो, वेगळे 10,000 घेतले असतील तर असतील. मग तुमच्याच पॉलिसीतलं अनइन्शुअर्ड-अंडरइन्शुअर्ड (समोरच्याचा विमा नसला किंवा कमी पडला तरचं कव्हर) कामी येतं.

क्वीन्सहून
न्यू यॉर्कवाल्यांनी हे वाचून इथले नियम लावू नका. आमच्याकडे नो-फॉल्ट 50,000 चं आणि कंपनीला कळवायला 30 दिवस. दुखण्याच्या दाव्याची गंभीर दुखापतीची अट सगळ्यांनाच, पॉलिसी घेताना निवड वगैरे काही नाही. आणि इथे फ्रॅक्चर म्हणजे फ्रॅक्चर, सरकलेलं असो वा नसो. फ्लोरिडात तर 14 दिवसांत डॉक्टर गाठला नाही तर पीआयपीच हातचं जातं.

एडिसनकर
ईआरला फोन केला, क्लेम नंबर दिला. व्हिजिटरवाल्यांकडे बिल अजून गेलं नव्हतं. आई परत गेल्यावर काय?

बिलिंगवाली
दावा सांगलीत बसूनही चालू राहतो. जाण्याआधी एक्स-रेची सीडी, रेडिओलॉजीचा रिपोर्ट आणि प्लास्टर काढल्यानंतरची तपासणी एवढं पदरात पाडून घ्या. तिकीट पुढे ढकलता आलं तर ढकला, प्लास्टर इथेच निघू दे. आणि तिकडे फिजिओ लावलात तर पावत्या तारीख-सहीनिशी घ्या, कोऱ्या कागदावरच्या नकोत.