अधिवास : दाखल्यातला आणि कोर्टातला

प्रश्न (वेंगुर्ले) : आमचे काका नोकरीसाठी बहरीनला गेले आणि तिथेच वारले. मृत्युपत्र नाही. इथे घर आणि माडांची बाग, तिथल्या बँकेत ठेव. वकील म्हणतात, "अधिवास भारताचाच धरतील." पण काकांनी अधिवासाचा दाखला कधी काढलाच नव्हता, आणि उमेदीची सगळी वर्षं तिकडे गेली. मग अधिवास इथला कसा? आम्ही ख्रिस्ती आहोत.

उत्तर : दाखला बाजूला ठेवा. 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास' हा सेतूतला कागद म्हणजे राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच सांगितलंय, की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा नसतो.

वकिलांचा अधिवास निराळा. कोणत्या देशाचा कायदा माणसाला लागू, हे त्यावरून ठरतं. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार तो जन्मतः बहुधा वडिलांकडून येतो आणि दुसऱ्या देशात कायमचं ठाण मांडेपर्यंत सुटत नाही. चाकरमान्याचं बिऱ्हाड गिरगावात, पण घर कुठे विचारलं की तो गावाचं नाव सांगतो, तसं. नोकरीबरोबर संपणाऱ्या व्हिसावर काढलेली वर्षं कितीही असली, तरी सहसा ते बिऱ्हाडच.

आता कलम 5 पाहा. भारतातल्या स्थावराला भारताचा कायदा, मालकाचा अधिवास कुठलाही असो. जंगमाला मात्र मृत्यूच्या वेळी जिथला अधिवास, तिथला कायदा. म्हणजे इथल्या कोर्टाच्या नजरेत बाग आणि ठेव, दोन्ही भारतीय कायद्याने.

प्रश्न : बहरीनची बँक हे ऐकेल?

उत्तर : खरी अडचण तीच आहे. कोणता कायदा लावायचा हे प्रत्येक देशाचं कोर्ट स्वतःच्याच नियमांनी ठरवतं. ठेवीसाठी तिथला वकील गाठावाच लागेल.

रत्नागिरीहून : आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात. आम्हा मुसलमानांनाही हेच कलम?

उत्तर : नाही. कलम 4 ने हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन कायद्याच्या या भागातून वगळले आहेत. त्यांचा वारसा आपापल्या व्यक्तिगत कायद्याने. 'जमीन जिथली, कायदा तिथला' हे तत्त्व मात्र कोर्टं एरवीही मानतात.

वेंगुर्लेकरांना एक आग्रहाचं सांगणं : काकांनी भरलेल्या घरपट्टीच्या पावत्या, घर दुरुस्तीची बिलं, परत यायचं म्हणून लिहिलेली पत्रं, काही टाकू नका. कायम कुठे राहायचा बेत होता यावर वाद झाला, तर कोर्ट हेच कागद मागेल.