निवारा हवा, पण कुत्र्यांचा कोंडवाडा नको. तुमचं मत?

खाडीकाठचा: आमच्या किनारपट्टीवर कुत्र्याचं हाड मोडलं तर लोक गाडी काढून घाट चढतात, कोल्हापूर गाठतात. म्हणून मला प्राणी निवारा हवाय, पण पिंजऱ्यांची रांग नकोय. पुढे दवाखाना, नसबंदीसाठी ऑपरेशन थिएटर, आजारी जनावरांना वेगळी खोली, आणि पैसे घेऊन पाळीव कुत्री-मांजरं सांभाळायची सोय. पंधरा दिवस मुंबईला मुलाकडे जायचं तर म्हाताऱ्यांनी कुत्रा कुणाच्या पडवीत बांधायचा?

आंबेवाला: आधी आरोग्य केंद्रात कुत्रा चावल्यावर लागणारी रेबीजची लस आणि जखमेत टोचायचं सिरम बारमाही ठेवा. दंडात घ्यायची इंजेक्शनं 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. ऐन आंब्याच्या हंगामात मजुराचे तेवढे खाडे कोण भरून देणार? सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलंय, शाळा, रुग्णालयं, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला आणि परत तिथे सोडू नका. मग कोंडवाडाच बांधा की! पाळीवांचे लाड कशाला?

खाडीकाठचा: लस-सिरम हवंच, त्यात वाद नाही. पण तो आदेश त्या आवारांपुरता. गावातल्या बाकी कुत्र्यांना 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू: नसबंदी करा, लस टोचा, उचललं तिथेच सोडा. निव्वळ कोंडून भागत नाही, मासळी बाजारात खायला आहे तोवर शेजारच्या वाडीतली येणारच. कुत्री साधारण 63 दिवसांत विते, तुमचा कोंडवाडा वर्षात भरेल. त्यापेक्षा सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचा, रेबीज पसरायचा थांबतो.

वाळूतली पावलं: 'तिथेच सोडा' मला किनाऱ्यावर अजिबात मान्य नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री अंडी घालून गेली की उजाडायच्या आत कुत्री खड्डा उकरतात. आम्ही पोचतो तेव्हा वाळूत फाटकी, चामड्यासारखी टरफलं. वेळासला, आंजर्ल्याला अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात ती काय हौस म्हणून? नसबंदी झाली म्हणून कुत्रा अंडी खायचा थांबतो का?

खाडीकाठचा: नाही थांबत. घरट्यांवर पहारा लागणारच, ते काम निवाऱ्याचं नाही.

वाळूतली पावलं: म्हणजे पुन्हा आम्हीच!

कंपाऊंडर: वाद चालू द्या, पण बांधकामाचं ऐका. चिरा, म्हणजे जांभा दगड, स्वस्त पडतो म्हणून आतून उघडा ठेवू नका. चिरा पाणी पितो, पावसाळाभर ओल धरतो, आणि पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू अशा जागी महिनोन्‌महिने टिकतो. एक पिल्लू गेलं की मागोमाग सगळं वेत. आतून भिंतीला माणसाच्या कमरेपर्यंत टाइल्स, जमिनीला उतार, प्रत्येक खोलीचं पाणी वेगळ्या नळीने बाहेर. नवीन आलेलं जनावर थेट आत घ्यायचं नाही. शिवाय उंदरांना थारा नको, आपल्याकडे उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो कुत्र्यालाही होतो नि झाडणाऱ्या माणसालाही.

मालवणचो झील: ह्यां सगळां बरां, पण डॉक्टराचो पगार कोण देतलो? उद्घाटनाक सगळे येतत, फोटो काढतत. मागसून कुलूप.

आंबेवाला: हेच म्हणतोय मी.

खाडीकाठचा: म्हणून तर पाळीवांचे 'लाड'. सांभाळायची फी, लसीची फी, त्यातून निदान डॉक्टरचा पगार निघावा. भटक्यांच्या नसबंदीचा खर्च मात्र नगरपरिषदेने उचलायचा, नियमानेच ते तिचं काम आहे.

आंबेवाला: बरं. फीचे दर बाहेर फळ्यावर लावा, पगार किती निघाला तेही दर महिन्याला तिथेच लिहा. मग बोलू जागेचं.