पहिला पत्ता लागला नाही, तर क्लायंटने (सर्व्हरशी जोडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) लगेच हात टेकावेत का?

संत्राबाग : सर्व्हरच्या नावावरून त्याच्या इंटरनेट पत्त्यांची यादी देणाऱ्या गेटअ‍ॅड्रइन्फो या फंक्शनने कितीही पत्ते दिले तरी पहिलाच घ्यावा, तो जोडला गेला नाही तर सरळ एरर दाखवावी आणि बाकीचा व्याप करू नये, असे 'पऱ्हाटी' यांनी काल येथे लिहिले. ते मला मुळीच मान्य नाही. आमच्या गावाजवळच्या जिनिंगमधला वजनकाट्याचा प्रोग्राम असाच लिहिलेला होता. तिथल्या ब्रॉडबँडवर संगणकाला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ता मिळत असे, पण पॅकेट पुढे जात नसत. यादीत तोच मार्ग वर असल्याने प्रोग्राम तिथे अडकून पडे आणि कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत उभ्या राहत. खालचा आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता मात्र सुरळीत चालू होता. यादी शेवटपर्यंत चालणे, प्रत्येक पत्त्याच्या फॅमिलीप्रमाणे (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) नवे सॉकेट, म्हणजे जोडणीचे टोक, उघडणे आणि फसलेले बंद करणे, एवढ्या कामाला व्याप म्हणू नये.

पऱ्हाटी : भाऊ, बिघाड ब्रॉडबँडचा आणि दंड प्रोग्रामरला, हा कोणता न्याय? तो क्रम २०१२ च्या आरएफसी ६७२४ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजानुसार लागतो, उगाच नाही. शिवाय लिनक्सवर उत्तर न देणारा एक पत्ता सोडायला मूळ सेटिंगनुसार दोन मिनिटांहून अधिक वेळ जातो. असे चार पत्ते चालत बसलात तर काट्यावरचा माणूस संगणकच बंद करील.

तूरकाठी : एकामागून एकच प्रयत्न करावा, असे कोणी सांगितले? २०१७ च्या आरएफसी ८३०५ प्रमाणे पहिला प्रयत्न चालू ठेवून २५० मिलिसेकंदांनी दुसरा सुरू करावा आणि जो आधी जोडला जाईल तो ठेवावा.

पऱ्हाटी : २५० मिलिसेकंद! आमच्या खेड्यात संध्याकाळी मोबाइल नेटवर उत्तर यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पहिला पत्ता धडधाकट असूनही दर वेळी दुसरी जोडणी सुरू होणार आणि सर्व्हरवर विनाकारण भार पडणार. खेड्यातली लाइन कशी असते, हे असे आकडे ठरवताना कोणी विचारात घेत नाही, हीच माझी जुनी तक्रार आहे.

संत्राबाग : आरोप करण्यापूर्वी तो दस्तऐवज पूर्ण वाचायला हवा होता. तो आकडा बंधनकारक नाही. आधीच्या जोडण्यांना लागलेल्या वेळेवरून तो बदलता येतो आणि शिफारस केलेली कमाल मर्यादा २ सेकंद आहे. खेड्यासाठी १ सेकंद ठेवा, पण दुसरा पत्ता सोडून देऊ नका.

तूरकाठी : पऱ्हाटीभाऊंचा वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. पायथॉन भाषेतले जोडणी करणारे क्रिएट_कनेक्शन हे फंक्शन यादी चालते, पण दिलेला टाइमआउट (वाट पाहण्याची मुदत) प्रत्येक पत्त्याला वेगळा लागू होतो. १० सेकंद दिले आणि चार पत्ते निघाले, तर ४० सेकंद जाऊ शकतात.

पऱ्हाटी : ठीक आहे, यादी चालण्याला माझा विरोध नाही, असे समजा. पण एकूण प्रयत्नाला एकच मुदत असावी आणि सगळे फसले तर प्रत्येक पत्त्याची एरर लॉगमध्ये यावी. शेवटची तेवढी नोंदवली, तर आयपीव्ही६ चा दोष झाकला जाईल, तुमच्या जिनिंगवाल्याला ब्रॉडबँडवाल्यापुढे ठेवायला पुरावा राहणार नाही आणि ती लाइन कधीच दुरुस्त होणार नाही.