बातमी न वाचताच उमटणाऱ्या प्रतिक्रियांचे काय करावे?

प्रश्न

आमच्या तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या एका फेसबुक पानावरील प्रतिक्रिया मी नियमितपणे वाचतो. विषय अपघाताचा असो वा शाळाप्रवेशाचा, ज्या शंकांचे उत्तर बातमीतच दिलेले असते त्याच शंका खाली पुन्हा पुन्हा विचारल्या जातात, म्हणजे बहुतेकांनी शीर्षकापलीकडे काही वाचलेले नसते. मृत्यूच्या बातमीखाली हसरे चेहरे उमटलेले पाहून तर मन विषण्ण होते. अशा वेळी संतापाचे चिन्ह दाबून किंवा खाली वाद घालून आपण नेमके काय साधतो?

प्रतिसाद १

संतापाचे चिन्ह दाबल्याने निषेध नोंदवला गेला असे आपल्याला वाटते, परंतु फेसबुकच्या यंत्रणेच्या लेखी ती त्या मजकुराची लोकप्रियता असते. फेसबुकने २०१६ मध्ये प्रेम, हसू, दुःख, राग अशी चिन्हे आणली आणि पुढच्या वर्षी कोणता मजकूर वर दाखवायचा हे ठरवताना साध्या ‘लाइक’ला एक गुण, तर या प्रत्येक चिन्हाला पाच गुण देण्यास सुरुवात केली. ही बाब २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आल्यावर सर्वांना कळली. रागाच्या चिन्हाचे गुण २०२० मध्ये शून्यावर आणले गेले खरे, पण खालचा वाद आजही पोस्टला वर नेऊ शकतो, आणि पान चालवणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असल्यामुळेच शीर्षके मुद्दाम चिथावणीखोर केली जातात.

प्रतिसाद २

वरील माहिती योग्य असली तरी सगळा दोष यंत्रणेवर टाकणे मला पटत नाही. व्हॉट्सॲपवर कोणता संदेश वर दाखवायचा हे ठरवणारे कोणतेही गणित नव्हते, तरीही मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा माणसांनीच हातोहात पुढे धाडली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ती निरपराध माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तिच्यामुळे वेग कमी होतो, पण संदेश पुढे पाठवायचा की नाही हे ठरवणारा अंगठा आपलाच असतो.

त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवरील सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासून ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला, की खोटी बातमी खरीपेक्षा अधिक दूर व अधिक वेगाने पसरते आणि त्याला मुख्यतः माणसेच कारणीभूत असतात. खोटी बातमी अधिक नवलाची असते, आणि तिला मिळणाऱ्या उत्तरांतून आश्चर्य व किळस अधिक प्रमाणात व्यक्त होते. आपल्याला धक्का बसला की आपण तपासणे विसरतो, हे मला त्यातून सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद ३

एक बाजू राहून जाते आहे. प्रतिक्रियांना आवर घालण्याची मागणी कायद्याकडे नेली की काय होते, हे आपण नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते केवळ ‘लाइक’ केले, आणि दोघींनाही अटक झाली. त्या प्रकरणात वापरलेले, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षेची तरतूद असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्यामुळे हसरा चेहरा कितीही असंवेदनशील असला, तरी त्यासाठी पोलिसांकडे धाव घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता

मग माहिती धडधडीत चुकीची असेल तर गप्प बसावे का?

प्रतिसाद १

मुळीच नाही. मूळ पोस्ट शेअर करू नका आणि तिच्याखाली भांडत बसू नका. पोलीस, जिल्हाधिकारी कार्यालय किंवा संबंधित खात्याने अधिकृत खुलासा केला असेल तर तो दुव्यासह स्वतंत्र पोस्ट म्हणून टाका, पान चालवणाऱ्यांना खासगी संदेशाने दुरुस्ती सुचवा, आणि मजकूर एखाद्या समाजाविरुद्ध भडकवणारा असेल तर तक्रारीचा पर्याय वापरून तो कंपनीच्या नजरेस आणा. ओळखीच्या माणसाने चूक केली असेल, तर त्याला चारचौघांत न खोडता फोन करावा. समूहात चुकीचे ठरवलेला माणूस बहुधा आपल्याच म्हणण्याला अधिक घट्ट धरून बसतो.