मारियन ओप्रेआ : एका पदकापलीकडे

रोमानियाचा तिहेरी उडीपटू मारियन ओप्रेआ याची कारकीर्द अथेन्स ऑलिंपिकच्या रौप्यपदकापुरतीच होती, असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. 2004 मध्ये 17.55 मीटर उडी मारूनही तो स्वीडनच्या ओल्सनच्या (17.79) मागे राहिला, हे खरे, परंतु पुढच्याच वर्षी लोझानला त्याने 17.81 मीटरची तिहेरी उडी घेतली, म्हणजे ओल्सनच्या सुवर्ण उडीपेक्षाही दोन सेंटिमीटर जास्त. गंमत अशी की, त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत तेवढ्याच, बोटभर फरकाने त्याचे रौप्य हुकले आणि 17.40 मीटरवर त्याला कांस्यपदक मिळाले. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो पाचवा आला. तरीही 2010 मध्ये बार्सिलोनाच्या युरोपीय स्पर्धेत त्याने 17.51 मीटरसह पुन्हा रौप्य मिळवले.