मुलांपर्यंत विश्वास पोचवायचा कसा? रविवार सोडून बाकीच्या सहा दिवसांचा प्रश्न आहे

वडगावशेरीची_आई
सलाम सगळ्यांना. आम्ही वडगाव शेरीत राहतो, मूळचे नगरकडचे. मी आणि मिस्टर दोघंही आयटीत, त्यांची शिफ्ट दुपारची त्यामुळे घरी यायला मध्यरात्र होते. मुलगी आठवीत, धाकटा चौथीत, दोघं इंग्लिश मीडियमला. माझ्या माहेरी दिवेलागणीला भक्ती व्हायची, आजोबा शास्त्र म्हणजे बायबल वाचायचे, एक गीत, मग प्रार्थना, पाहुणे आले तरी चुकायची नाही. इथे चौघं एका वेळी जेवायलाच बसत नाही तर भक्तीला कधी बसणार. उपासनेला दर रविवारी जातो, संडे स्कूल पण चालू आहे, पण परवा मुलगी म्हणाली, मम्मी आपण ख्रिश्चन फक्त रविवारीच असतो का? चिडून नाही हां, सहज विचारलं, पण मला फार लागलं ते. प्रभू येशूनं शिष्य करा म्हटलंय, ते ऐकलं की आपल्याला बाहेर जाऊन साक्ष देणं, म्हणजे विश्वासाबद्दल लोकांना सांगणं आठवतं, आणि घरातल्या दोघांचं काय? मी सांगायला बसले की ती मोबाईलमध्ये डोकं घालते. तुमच्या घरी खरंच काय चालतं ते सांगा प्लीज.

बिबवेवाडी_संडेस्कूल
ताई, मी बरीच वर्षं मुलांना शिकवते आणि तरी सांगते, संडे स्कूलच्या एका तासावर हे सगळं टाकू नका. बायबलमधल्या अनुवाद पुस्तकाचा ६ वा अध्याय काढून बघा, मुलांना कधी शिकवायचं ते तिथे स्पष्ट आहे, घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, झोपताना आणि उठताना. यातली एकही वेळ क्लासची नाही. प्रभू येशूनं बारा शिष्यांना वर्गात बसवलं नाही, बरोबर घेऊन फिरला, जेवला, आजाऱ्यांकडे नेलं आणि मग दोघादोघांना पाठवून दिलं.

म्हणून माझं म्हणणं, सांगू कमी आणि बरोबर नेऊ जास्त. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले एक काका ससूनला ॲडमिट होते, त्यांच्यासाठी मी मऊ भात आणि कमी मिठाचं वरण घेऊन निघाले आणि मुलाच्या हातात डब्याची पिशवी दिली. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते, त्यांच्याकडे कोणीच आलं नव्हतं. मुलगा माझ्या कानात म्हणाला, यांना पण थोडं देऊ या का? सिस्टरला विचारलं, ती हो म्हणाली, झाकणात काढून दिलं. काकांसाठी छोटी प्रार्थना केली आणि निघालो. रात्री मत्तय २५ वाचलं, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात, ते. काही समजावून सांगायची गरजच पडली नाही, तोच म्हणाला आज आपण हेच केलं ना.

घोरपडीचे_काका
बाई म्हणतात ते पटतं, पण ठरलेली वेळ हवीच असं माझं स्पष्ट मत आहे. चालता बोलता करू म्हणता म्हणता काहीच होत नाही, पुण्यात तर नाहीच नाही. संध्याकाळ जमत नसेल तर सकाळी स्कूलबस यायच्या आधी दहा मिनिटं काढा. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, १६च अध्याय आहेत, गोष्ट भरभर पुढे जाते, मुलं कंटाळत नाहीत. बायबलमधल्या नीतिसूत्रांचे ३१ अध्याय, तारखेप्रमाणे एक घेता येतो. वाचू द्या मुलांना, अडखळत का होईना मराठीतच वाचू द्या, नाहीतर आपली गीतं त्यांना परकी होतील. मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबल फुकट आहे, ते लावून बोट ठेवून वाचायला सांगा. आणि शनिवारी सायबांना बसवा, वडील नसतील तर मुलं समजतात की हे मम्मीचं काम आहे. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याला विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला हे खरं, पण म्हणून बापाला सुट्टी नाही.

पिंपरीवाला_२६
मी मुलांच्या बाजूनं बोलतो. तिनं प्रश्न विचारला ही चांगली गोष्ट आहे ताई, घाबरू नका. मी कॉलेजला असताना प्रश्न विचारले की घरी एकच उत्तर यायचं, आपल्यात असं विचारत नाहीत, आणि मी मंडळीपासून लांब गेलो. परत आलो ते वडिलांमुळे. त्यांचं भोसरीला छोटं वर्कशॉप, एका गिऱ्हाईकाकडून चुकून जास्त पैसे आले, आणि त्याच महिन्यात जागेचं भाडं थकलेलं. पप्पांनी त्याला स्वतःहून फोन करून पैसे परत पाठवले आणि रात्री आमच्यासमोर मोठ्यांदा प्रार्थना केली, प्रभू भाड्याचं तू बघ. असली खरी प्रार्थना मी आधी ऐकलीच नव्हती, आम्हाला फक्त सगळ्यांना आशीर्वादित कर एवढंच माहीत. तर मुलांसमोर खऱ्या गोष्टींसाठी प्रार्थना करा, ईएमआय, ऑफिसचं टेन्शन, आजीचं दुखणं, सगळं.

आणि जबरदस्ती नको. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लगेच नाही घेतला, कितीतरी वर्षं लागली, आधी मनातला जातिभेद गेला, मग स्वतःला पटल्यावर त्या आल्या. आणि किती भक्कम उभ्या राहिल्या! तुमच्या मुलीलाही तिचा वेळ द्या.

दौंड_लाईन
एकदा मुलांना केडगावला पंडिता रमाबाईंची मुक्ती मिशन संस्था दाखवून आणा, दौंडच्या गाडीनं जाता येतं. रमाबाईंनी तिथे मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली, प्रार्थना आणि काम एकाच आवारात. हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं त्यांचं बायबल तिथल्याच छापखान्यात छापलं, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला तिथल्याच बायका. आठवीतल्या मुलीला हे बघून जे कळेल ते माझ्या सांगण्यानं कळणार नाही.

वडगावशेरीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळे भरून आले. काका, सकाळची दहा मिनिटं सोमवारपासून मार्कनं सुरू करतेय, मिस्टर शनिवारी बसायला तयार आहेत. बाई, आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी एकट्या असतात, ख्रिस्ती नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुलीला त्यांच्याकडे भाजी द्यायला घेऊन जाईन म्हणते. तिथे प्रार्थना करू का नको?

बिबवेवाडी_संडेस्कूल
आधी त्यांना विचारा. हो म्हणाल्या तर दोन वाक्यांत करा, नको म्हणाल्या तर भाजी द्या, थोडा वेळ बसा, औषधं संपत आलीत का ते बघा. प्रार्थना घरी येऊन मुलीबरोबर करा, आणि पुढच्या आठवड्यात परत जा.